आनूआत्तीचं बी

“तिकडं तोंड कर बघू,” आनूआत्ती म्हणाली.

“का?”

“नवरीला झाकायची हाय. बाप्यामाणसानं बघू नये.”

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. कृषी पदविकेच्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होऊन दोन महिने झाले होते, आणि माझी आत्ती मला एका मिरचीच्या झाडाकडं पाठ करून उभं राहायला सांगत होती. मी राहिलो. हसू आवरत नव्हतं, पण राहिलो. मागं तिच्या बांगड्या वाजत होत्या. तिनं झाडाच्या बुडाला हळदकुंकू वाहिलं, भोवतीनं चार काठ्या रोवल्या, आणि माझ्या वडिलांच्या, आबांच्या, जुन्या विरलेल्या धोतराचं फडकं वरून सोडून खाली सुतळीनं आवळून बांधलं.

“झालं. फीर आता.”

“आत्ती, मिरचीच्या झाडाला कुणाची दृष्ट लागणार आहे?”

“फुलात आलेल्या झाडाला कुणाची पण लागती. फळं धरली की सोडायचं फडकं. माझ्या सासूनं सांगितलंय. तिला तिच्या सासूनं.”

“आणि तिला?”

“तू लई शिकलायस,” ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसत हसली. मी शिकलोय याचा तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद होता.

आमचं गाव गडहिंग्लजच्या पुढं, हिरण्यकेशीच्या काठाला. घरामागं परडं, परड्यात चार गुंठ्यांवर आत्तीचं राज्य. वांगी होती, घेवडा होता, आळू होतं, पण खरा मान जवारी, म्हणजे गावठी, मिरचीच्या वीस झाडांचा. वीतभर लांब, काडीसारखी बारीक, वाळली की अंगभर सुरकुतणारी मिरची. तिची चटणी डंकावर कुटायला लागले की अर्धी गल्ली शिंकायची. मी चार वर्षांचा असताना माझी आई गेली, त्याच वर्षी आत्ती माहेरी परत आली. पोरबाळ होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली होती. आत्ती भांडली नाही, रडली नाही. सवतीला घरातल्या डब्या-गाडग्यांची ओळख करून दिली आणि निघाली. येताना अंगावरचं लुगडं, एक तांब्या आणि पदराच्या गाठीत चिमूटभर मिरचीचं बी, एवढंच आणलं. त्या बियावर तिनं मला वाढवलं म्हटलं तरी चालेल, कारण गावात तिला जी किंमत होती ती त्या बियाची होती.

गावातल्या बायका मिरचीचं बी घरी धरतच नसत. अक्षय्य तृतीयेला ओंजळभर जोंधळे घेऊन आमच्या दारात यायच्या, आणि आत्ती प्रत्येकीच्या पदरात आपल्या हातानं चिमूटभर बी सोडायची. आनूआक्काच्या हाताला गुण आहे, असं बोललं जायचं. तिच्या हातचं बी वाया जात नाही, तिनं लावलेलं झाड मरत नाही. बारशाला बाळाच्या कपाळाला पहिलं कुंकू तिनं लावावं म्हणून माणसं बोलवायला यायची, तेही नवऱ्यानं टाकलेल्या बाईला. दुसऱ्या कुठल्याही टाकलेल्या बाईला असं कुणी बोलावल्याचं मी पाहिलं नाही.

आणि हे सगळं बी दरवर्षी एकाच झाडाचं असायचं. त्याला ती नवरी म्हणायची. वीसांतलं सगळ्यांत थोराड झाड निवडायचं, कळ्या धरल्या की झाकायचं, आणि पिकल्यावर फक्त त्याचंच बी धरायचं. नवं बी हातात आलं की उरलेलं जुनं नदीत सोडायचं. जुनं ठेवलं तर नवं रुसतं म्हणे.

त्या पावसाळ्यात मी कॉलेजच्या रोपवाटिकेतून ढब्बू मिरचीची तीन रोपं आणली होती. आत्तीनं ती बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

“मिरचीजवळ मिरची लावू नये, जोती. जात बिघडती.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे?”

मग मी तिला परड्यातच उभं करून धडा दिला. मिरचीच्या एकाच फुलात नर असतो आणि मादीही असते. तिचं लगीन तिच्या घरातच होतं. बाहेरच्या कुणाची गरज लागत नाही, म्हणून मिसळही होत नाही. पुस्तकात छापलेलं आहे. हे सगळं मी हात हलवून, मास्तरसारखं सांगितलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कसा दिसतो ते बघायचं असेल तर मला तेव्हा बघायला हवं होतं. पुस्तकात त्याच्या पुढच्याच ओळीत आणखी काही लिहिलेलं होतं, पण ती ओळ परीक्षेला येत नसे.

आत्तीनं नीट ऐकून घेतलं. “पुस्तकात हाय म्हणतोस?”

“हो.”

“मग लाव. पण नवरीपासनं चार हात लांब.”

भादव्यात तिला मिरजेला न्यावं लागलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि एक डोळा तर पार झाकला गेला होता. त्या काळात ऑपरेशन झालं की आठ-आठ दिवस उताणं निजवून ठेवायचे. आबा तिच्याबरोबर गेले. घरी मी, म्हैस आणि परडं.

“पाणी एक दिवसाआड घाल,” ती निघताना म्हणाली. “आणि नवरीला हात लावू नगंस.”

तीन दिवस मी लावला नाही. चौथ्या दिवशी फडक्याच्या फटीतून आत बघितलं तर पानांच्या मागं मावा पडलेला. पानं फिकी दिसत होती. मला राग आला. एक निरोगी झाड एका अडाणी समजुतीपायी घुसमटून मरतंय असं वाटलं. मी सुतळी सोडली, फडकं काढून घडी करून ठेवलं, तंबाखूचं पाणी फवारलं. दोन दिवसांत झाड टवटवीत झालं. पांढऱ्या फुलांनी भरलं होतं. मधमाश्या येऊ लागल्या, चार हातांवरच्या ढब्बूवरून नवरीवर आणि नवरीवरून ढब्बूवर. मी दगडावर बसून ते बघत चहा प्यायलो. फळधारणा चांगली होणार म्हणून मला फार बरं वाटलं होतं.

आत्ती यायच्या आदल्या दिवशी मी फडकं परत बांधलं. सुतळीला तिची ती दुहेरी गाठसुद्धा मारली. झाड बारा दिवस उघडं होतं.

गाडीतून उतरल्यावर डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊनच ती आधी परड्यात गेली. वाकून गाठ चाचपली, फडक्यावरून हात फिरवला. “राखलीस बघ,” म्हणाली. मला तेव्हा खरं सांगावंसं वाटलं नाही. वाटायला कारणही नव्हतं. माझ्या मते मी झाड वाचवलं होतं.

त्या वर्षी नवरीला कधी नव्हती इतकी मिरची लागली. लांब, बारीक, जशी असायची तशीच. पट्टी सुटली आणि नवीन चष्मा लागला तेव्हा आत्ती एकेक फळ उन्हात धरून बघायची. “असला तांबडा रंग मी आयुष्यात बघितला नव्हता रं,” म्हणायची. माघात मला कृषी सहायक म्हणून नेमणुकीचा कागद आला. चंदगडकडची जागा होती, आबांनी गावभर पेढे वाटले. अक्षय्य तृतीयेला पस्तीस-छत्तीस बायका आल्या, आणि आत्तीनं सगळ्यांच्या पदरात बी सोडलं. जुनं बी दुसऱ्या दिवशी नदीत गेलं.

पुढच्या दिवाळीला मी सुट्टीवर घरी होतो. सकाळची वेळ, आबा सोप्यात पान लावत बसलेले, आणि मगदुमांची ताराबाई पाच-सहा बायका घेऊन आत आली. पदरातून तिनं मूठभर मिरच्या काढून आत्तीसमोर ठेवल्या.

“आनूआक्का, हे काय लागलंय बघ.”

त्या मिरच्या बोटभर लांबीच्या होत्या. देठाशी फुगीर, टोकाला बोथट, सालीला जाड.

“माझ्यात निम्मी झाडं अशी हाईत,” दुसरी म्हणाली. “वाळत घातली तर वाळंना. काळी पडून सडायला लागली.”

“माझ्यात बी दहा-बारा झाडं तसलीच,” आत्ती हळू आवाजात म्हणाली. आठ दिवस ती परड्यातून गप्प गप्प घरात येत होती, ते यासाठी होतं. “मला वाटलं माझ्यातच.”

“नवरी बघू की,” ताराबाई म्हणाली. “नवरीला काय लागलंय?”

सगळ्याजणी परड्यात गेल्या. मीही गेलो. त्या वर्षीही आत्तीनं थोराड झाड बघून नवरी केली होती. फळं धरल्यावर फडकं सोडायचं असतं, पण या खेपेला ते तसंच बांधलेलं होतं. बहुतेक तिची सोडायची छाती झाली नसावी. ताराबाईनंच वाकून गाठ सोडली. आत सगळी तसलीच फळं. आखूड, जाड, ढब्ब.

“अगं बाई,” कुणीतरी म्हणालं. “नवरीच बाटली की गं.”

आत्तीनं फडकं उचललं आणि छातीशी धरलं.

आबा मागून पान चघळत आले. “अशा घाबरताय काय? आमचा जोती सरकारी मानूस हाय. त्याला दावा. काय रोग हाय रं हा?”

मी एक फळ तोडून हातात घेतलं. बघितल्याबरोबर मला समजलं. ते ढब्बूचे खांदे होते. ज्या फळांत मिसळ झाली ती फळं बाहेरून बदलत नाहीत, बदल त्यांच्या बियांत असतो आणि तो पुढच्या वर्षी उगवतो. आत्तीनं गेल्या वर्षी उन्हात धरून कौतुक केलं त्या तांबड्या मिरच्यांच्या पोटात हे होतं. मला दगड आठवला, चहा आठवला, मधमाश्या आठवल्या. फडक्याचं काम दृष्ट अडवायचं नव्हतं. माशी अडवायचं होतं. आत्तीला आणि तिच्या सासूला ते ठाऊक नव्हतं, पण त्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक केलं होतं, आणि पहिल्या वर्गात पास झालेल्या माणसानं बारा दिवसांत निकालात काढलं.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सहा बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. आबांची मान ताठ होती. आठच महिन्यांपूर्वी त्यांनी पेढे वाटले होते.

“पाणी जास्त झालं असेल,” मी म्हणालो. “मुळाशी पाणी थांबलं की फळ असं फुगतं.”

“माझ्यात तर पाणीच कमी,” ताराबाई म्हणाली.

“मग... मग बी ओलसर राहिलं असेल. वाळवताना.”

असलं काही होत नसतं. बी ओलं राहिलं तर उगवत नाही, जात बदलत नाही. पण ते त्या बायकांना कोण सांगणार? सगळ्यांचे डोळे माझ्यावरून आत्तीकडं गेले.

“वाळवलं तर मीच,” आत्ती म्हणाली.

“डोळ्याचं झालं हुतं की तुझ्या. दिसलं नसंल,” ताराबाई म्हणाली. ती बोलली ते मायेनंच.

“चांगलं दिसत हुतं. आयुष्यात दिसलं नव्हतं तेवढं दिसत हुतं.”

शेवटी मागची एक म्हातारी म्हणाली, “हात बदललाय. वय झालं की हात बदलतो बायांनो. तिचा तरी काय दोष?” आणि सगळ्या हळहळत निघून गेल्या. आबाही गेले. मी मूग गिळून उभा होतो.

पण मी अगदीच निर्लज्ज नव्हतो. मी झाडं मोजली. वीसांतली अकरा बिघडली होती, नऊ खरी होती. मिसळ सगळ्या बियांत झालेली नव्हती. त्या नऊ झाडांवर अजून फुलं येत होती. फळं तोडून नव्या कळ्यांवर फडकं बांधलं, पुढच्या वर्षी पुन्हा तसंच केलं, की जात परत मिळाली असती. मनाशी ठरवलं, उद्या सकाळी गुपचूप नऊ फडकी बांधू, आत्तीला काहीतरी निमित्त सांगू. म्हणजे बीही वाचेल आणि माझी अब्रूही.

सकाळी उठून परड्यात गेलो तर मिरचीचे वाफे मोकळे होते. माती उकरलेली होती आणि आत्ती बांधावर बसून पायाचा चिखल धूत होती.

“आत्ती, झाडं?”

“नदीत सोडली. दोन बुट्ट्या झाल्या.”

“सगळी? अगं, त्यात नऊ चांगली होती!”

“चांगली दिसत हुती,” ती म्हणाली. “लावली तर माझ्याच हातानं. आज चांगली दिसली, उद्या काय निघंल? लोकांच्या परड्यात घाण गेली माझ्या हातनं. आता नको.”

“कुणी असं म्हणालं का तुला?”

“कुणी म्हणायला कशाला पायजे, जोती?”

मी धावत गल्ली पालथी घातली. कुणाकडं खरी झाडं शिल्लक असतील ती मागून घेऊ म्हटलं. पण बातमी माझ्यापुढं पळत होती. आनूआक्कानं स्वतःची झाडं उपटली म्हटल्यावर हात गेलेल्या बाईचं बी परड्यात कोण ठेवणार? दोन-तीन ठिकाणी मी पोचायच्या आधीच उपटलेली झाडं उकिरड्यावर पडलेली होती, मुळं सुकलेली. चार दिवसांत गावात त्या मिरचीचं एक झाड राहिलं नाही, आणि आदल्या वर्षीच्या वाळल्या मिरच्यांची केव्हाच चटणी झाली होती. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण माझ्याकडं तर बांधायला झोपाही उरला नव्हता.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी घरी न सांगता आत्तीच्या सासरी गेलो. कर्नाटकच्या हद्दीत, संकेश्वरच्या अलीकडचं गाव. बी मुळात तिथलं होतं, तेव्हा तिथं असायला हवं होतं. तिचा नवरा वारला होता. सवत दारात शेंगा फोडत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं लगबगीनं घोंगडं अंथरलं, गूळ-पाणी आणलं.

“आनूआक्का बरी हाय?”

“बरी आहे. मी मिरचीचं बी मागायला आलोय. तुमच्या घरची ती जुनी जवारी.”

ती माझ्याकडं बघतच राहिली. “थट्टा करताय व्हय? ती गेली आणि दोन वर्सांत आमची मिरची संपली. मला ते फडकं बांधायचं जमलं न्हाई, कंटाळा केला. झाडं बारकी बारकी झाली, मग भलतंच लागायला लागलं. तिचा हात हुता तो. आता आम्ही दुकानातलं आणतो.” मग तिनं जरा सरकून आवाज खाली आणला. “मीच तुम्हाला म्हणणार हुते. तिला सांगा, माझ्यावर राग नसंल तर चिमूटभर बी पाठव म्हणावं. तेवढ्यासाठी तिच्या दारात यायला मला तोंड न्हाई.”

मी गूळ तोंडात धरून बसलो.

हिवाळा गेला. आत्ती स्वयंपाक करायची, म्हशीचं करायची, पण परड्यात जायची नाही. अक्षय्य तृतीयेला मी मुद्दाम रजा काढून आलो. त्या दिवशी दुपारी ताराबाई एकटी आली. तिच्या हातात जोंधळे होते, आणि गडहिंग्लजच्या बाजारातून आणलेलं मिरचीच्या बियाचं पाकीट होतं.

“आनूआक्का, बी दुकानाचं हाय. तुझं न्हाई. तू नुसता हात लाव. एवढी वर्सं तुझ्या हाताशिवाय पेरलं न्हाई, मनाला चैन पडंना.”

आत्तीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“लाव की गं.”

“नको. पैसं घालून आणलंयस. नासंल.”

“न्हाई नासत.”

“ताराबाई, घरी जा,” आत्ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण ताराबाई उठली. जाताना जोंधळे उंबऱ्यावर ठेवून गेली.

मला ते सहन झालं नाही. मी आत्तीसमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. मावा, तंबाखूचं पाणी, बारा दिवस, मधमाश्या, ढब्बू. बायकांसमोर खोटं बोललो तेही सांगितलं. सांगताना मला रडू आलं, आणि रडू आल्याचं बरंही वाटलं. आता ती चिडेल, मला शिव्या देईल, मग उठून परड्यात जाईल, असं वाटत होतं. बी परत येणार नव्हतं. पण तिचा हात तरी तिला परत मिळेल.

ती शांतपणे ऐकत होती.

“मग दृष्ट लागली म्हणतोस?”

“दृष्ट नव्हे आत्ती. ढब्बूच्या फुलातलं नवरीच्या फुलात आलं. माशीनं आणलं. मिसळ झाली.”

“मिसळ व्हत न्हाई. पुस्तकात हाय की तुझ्या.”

“मी चुकीचं सांगितलं होतं.”

ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. “तुला चुकीचं येत हुतं आणि सरकारनं नोकरी दिली व्हय?”

“आत्ती, देवाशपथ, मी फडकं सोडलं होतं.”

“फडकं जसंच्या तसं हुतं. आल्याबरोबर मी हातानं चाचपलं. माझी गाठ हुती ती.”

“मी मारली होती तशी गाठ. तुला कळू नये म्हणून.”

तिनं मान हलवली. “आबानं सांगितलं न्हवं तुला हे बोलायला? म्हातारीच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. तू गुणाचा हाईस रं, पण मी जाताना सांगून गेले हुते, नवरीला हात लावू नगंस. मी सांगितलेलं तू मोडणार न्हाईस. मी वाढवलाय तुला.”

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. जितकं सांगितलं तितकी ती माझी समजूत काढत राहिली. शेवटी म्हणाली, “पुरे आता. जेवायला चल.”

तरी मी हार मानली नाही. चंदगडला माझ्या क्वार्टरमागं हातभर जागा होती. तिथं बाजारातली लांब मिरची आणि ढब्बू शेजारी शेजारी लावली, मुद्दाम उघडी ठेवली, बी धरलं, दुसऱ्या वर्षी ते पेरलं. दोन वर्षं गेली त्यात. मधल्या काळात माझं लग्न झालं. हळदीच्या दिवशी आत्ती आजाराचं निमित्त करून शेजारी जाऊन बसली होती. पण मला वाटलं, थांब, पुरावा दाखवतो. कार्तिकात ती फळं पिशवीत घालून गावी आलो आणि तिच्यापुढं ओतली. बोटभर, देठाशी फुगीर, सालीला जाड. हुबेहूब तीच.

“बघ आता. ही बाजारातल्या लांब मिरचीची. ढब्बूशेजारी लावली होती, अशी झाली. पटलं का?”

आत्तीनं चष्मा सावरला. एक फळ उचलून उलटं-सुलटं करून बघितलं. बराच वेळ बघितलं.

“ही तू लावलीस? तुझ्या हातानं?”

“हो!”

तिनं फळ खाली ठेवलं आणि जरा मागं सरकली.

“माझ्या हातचं खाऊन वाढलास रं,” ती म्हणाली. “तुला लागलं माझं.”

मी काय केलंय ते त्या क्षणी मला कळलं, पण पिशवी उलटी झाली होती.

पुढच्या वैशाखात मला मुलगी झाली. बारसं गावी केलं. मला बहीण नाही, तेव्हा नाव ठेवायचा मान आत्तीचाच. तिनं पाळण्याजवळ येऊन लांबूनच वाकून नाव सांगितलं. हात पाठीमागं धरलेले होते. ताराबाईनं कुंकवाचा करंडा पुढं केला तर तिनं मान हलवली. मग माझ्या बायकोनं बाळ उचललं आणि तिच्यापुढं धरलं.

“घ्या की आत्ती. तुमचीच नात आहे.”

आत्तीचे डोळे बाळावरून हलत नव्हते. ऑपरेशन झालेल्या त्या डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं.

“पोर झ्याक निघालीया,” ती म्हणाली. “माझा हात नको लागायला.”

त्यानंतर ती सहा वर्षं होती. माझी मुलगी तिच्या मागं मागं फिरायची, पदर धरायची, उचलून घे म्हणून हात वर करायची. आत्ती तिच्याशी बोलायची, तिला गोष्टी सांगायची, पण तिनं तिला एकदाही उचललं नाही.